भाच्याचा बेस, पांढरी पाच आणि ५० हर्ट्झची घरघर

"मामा, पिकअप आलाय, रविवारी येऊ का?" असा भाच्याचा फोन आला तेव्हा पिकअप, म्हणजे गिटारच्या तारांखालची चुंबक आणि कॉइलची डबी, घेऊन झाला होता, पैसे देऊन झाले होते, पण दुखणं नेमकं काय आहे हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मी तर अजून त्याचा बेस, म्हणजे बेस गिटार, पाहिलाही नव्हता. पुढचं सगळं काम यामुळेच लांबलं. एका रविवारचं काम महिनाभर चाललं, त्यात बरंच शिकायला मिळालं, आणि आकडे मी वहीत टिपून ठेवले होते म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कोणी बेसचे पिकअप बदलायच्या विचारात असेल तर उपयोग होईल.

भाचा पुण्यातच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि शनिवार-रविवार एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो, जुनी हिंदी-मराठी गाणी. बेस सेकंडहँड घेतलेला, चार तारांचा, इंडोनेशियात बनलेला, पीजे प्रकारचा. पीजे म्हणजे मधोमध प्रिसिजन बेसचा (फेंडर कंपनीचा एक जुना नमुना, तोच पी) दोन तुकड्यांचा पिकअप, त्यातला जाड तारांखालचा तुकडा मानेकडे सरकलेला आणि बारीक तारांखालचा ब्रिजकडे (तारा जिथे खाली अडकवलेल्या असतात तिकडे), आणि अगदी ब्रिजजवळ जॅझ बेसचा (फेंडरचाच दुसरा नमुना, तोच जे) लांब पट्टीसारखा पिकअप. दोन व्हॉल्यूम, एक टोन. मी स्वतः वाजवत नाही, माझी इतकी वर्षं अँप्लिफायर आणि टेपरेकॉर्डर उघडण्यात गेली, पण आमच्या घरात पेटी होती त्यामुळे सूर कळतो.

त्याच्या तक्रारी दोन होत्या. एक, आवाजात दम नाही. दुसरी, घरघर येते. त्याने पहिली तक्रार धरून मधला पी पिकअप मागवला, बाहेरच्या नावाजलेल्या कंपनीचा, आठ हजारांच्या वर गेला, आणि दोन्ही तक्रारी त्यानेच मिटतील असं गृहीत धरलं. नवीन चांगला पिकअप म्हटलं की सगळंच सुधारेल असं वाटतंच, त्यात त्याची काही चूक नाही.

घरघरीबद्दल त्याने जे सांगितलं ते मात्र मला लगेच खटकलं. म्हणाला, नाट्यगृहात एका गाण्याला फारच त्रास होतो, बाकीच्या गाण्यांना एवढा नाही, साऊंडवाले काका म्हणाले तुझा बेस हलतोय, सूर स्थिर लागत नाही. मी विचारलं गाणं कुठल्या पट्टीत? तर म्हणे पांढरी पाच. मग डोक्यात दिवा लागला. पांढरी पाच म्हणजे जी, आणि बेसच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या पट्टीला) जो जी लागतो तो ४९ हर्ट्झचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणजे भिंतीतून येणारी घरघर ही त्या जीच्या अगदी शेजारी पण जराशी चढी, अर्ध्या सुराचा साधारण तिसरा हिस्सा. दोन सूर असे चिकटून वाजले की हेलकावे येतात, ४९ आणि ५० चा सेकंदाला एक, आणि वरच्या ९८ आणि १०० चे सेकंदाला दोन. किंचित चढलेला तंबोरा मागे लावून ठेवावा आणि गायकाने जीव तोडून खरा सूर लावावा तशी त्या पोराची अवस्था होती, आणि दोष येत होता त्याच्या बोटांवर. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे ही घरघर ए शार्प आणि बी यांच्या मधोमध कुठेतरी पडते, त्यामुळे तिकडचे लोक घरघरीबद्दल बोलतात पण जी बद्दल बोलत नाहीत. आपल्याकडे बेसवाल्याने हे लक्षात ठेवायलाच पाहिजे.

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की बाबा थांब, आधी घरघर कुठल्या पिकअपची आहे ते बघू. पण तो एवढ्या उत्साहाने बॉक्स घेऊन आलेला, पिकअप हातात घेतल्यावर छानच दिसत होता, आणि मलाही बेस उघडायची घाई झाली.

पहिला रविवार. तारा ढिल्या केल्या, पिकगार्ड (पुढचं प्लॅस्टिकचं झाकण) काढला. जुना पी पिकअप सोडवून मोजला तर १०.६ किलोओहम. नवा ११.९. इथे एक सांगतो, हा आकडा म्हणजे पिकअपची ताकद नव्हे. केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात, त्या तारेचा हा रेझिस्टन्स, त्यावरून कॉइल जिवंत आहे की तुटली एवढं नक्की कळतं आणि बाकीचा नुसता अंदाज. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे डिसेंबरच्या सकाळी १० दाखवणारा पिकअप मे महिन्याच्या दुपारी साडेदहा-पावणेअकरापर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे दोन पिकअपच्या आकड्यात थोडा फरक दिसला तर त्यावरून भांडू नये. ब्रिजचा जे पिकअप ७.४ निघाला, तोही ठीक. टोनच्या कपॅसिटरवर ४७३ लिहिलेलं, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड, बेसला सहसा हाच लागतो, तो तसाच ठेवला. पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे फिरते रेझिस्टर, २५० के चे, ठीकठाक, ते पण ठेवले.

जुना पिकअप काढला, नवा बसवला. काळी वायर पॉटच्या पाठीवर सोल्डर करायची तर २५ वॅटच्या आयर्नने ते होत नाही, पॉटची पाठ सगळी उष्णता पिऊन टाकते आणि सोल्डर नुसता गोळा होऊन बसतो, वरून चकचकीत आणि आतून सुटलेला, ज्याला आम्ही ड्राय सोल्डर म्हणतो. पाठ पॉलिशपेपरने घासली, ६० वॅटचं आयर्न घेतलं, तीन-चार सेकंदात काम करून बाजूला. जास्त वेळ धरलं तर आतली कार्बनची पट्टी जाते. नव्या पिकअपखालचा जुना स्पंज चुरा झालेला, तिथे जुन्या योगा मॅटचे दोन तुकडे कापून घातले, मस्त दाबून बसले.

तारा चढवल्या, अँप लावला. नुसता पी उघडला तर आवाज मोठा, भरदार, भाचा खूश. मग नेहमीसारखे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले आणि त्याचा चेहरा पडला. खालचा सगळा खर्ज गायब, टेलिफोनमधून बेस ऐकू यावा तसा पोकळ, नाकातला आवाज. "मामा, पिकअप खराब पाठवला का त्यांनी?" मी म्हटलं एक काम कर, जे चा व्हॉल्यूम थोडा कमी कर. त्याने एखाद्या काट्याने कमी केला आणि आवाज वाढला, खर्ज परत आला. एक पिकअप कमी केल्यावर एकूण आवाज जाड होतोय याचा अर्थ दोघं एकमेकांच्या विरुद्ध ओढतायत, एक तार वर गेल्यावर प्लस देतोय आणि दुसरा मायनस. यालाच आउट ऑफ फेज म्हणतात. पिकअप दोन्ही चांगले, फक्त जोडी उलटी जमलेली. पीजे मध्ये दोन्ही एकत्र उघडले की मधला थोडा भाग तसाही बसतो, ते स्वाभाविक आहे, पण खर्ज जात नाही. खर्ज गेला की फेजच समजायची.

असं का होतं तर कुठल्या कंपनीने कॉइल कुठल्या दिशेने गुंडाळायची, चुंबकाचं कुठलं टोक वर ठेवायचं याचा सगळ्यांना बांधील असा काही नियम नाही. एका कंपनीचे दोन्ही पिकअप घेतले तर ते जुळवून दिलेले असतात. एक जुना एक नवा, वेगवेगळ्या घरचे, म्हणजे छापा-काटा.

तपासायची पद्धत सोपी आहे आणि ती सोल्डर करायच्या आधी करायची असते, मी नंतर केली. माझ्याकडे जुना सुईवाला मीटर आहे. तो डीसीच्या सगळ्यात खालच्या रेंजला लावला, पिकअपच्या दोन वायरी त्याला जोडल्या, लोखंडी स्क्रूड्रायव्हर पिकअपच्या पोलला, म्हणजे वर दिसणाऱ्या चुंबकाच्या टोकाला, टेकवला आणि पटकन उचलला. उचलताना सुई एकदम किंचित उडी मारते, डावीकडे किंवा उजवीकडे. पी ची सुई उजवीकडे उडाली, जे ची डावीकडे. भाचा अक्षरशः डोळे मोठे करून बघत होता, त्याने स्वतः चार वेळा करून पाहिलं, प्रत्येक पोलवर. पी च्या दोन्ही तुकड्यांवर उडी एकाच बाजूला येते कारण त्यांचे चुंबकही उलट आणि वेढेही उलट, उलट गुणिले उलट सुलट, तारेचा आवाज एकाच दिशेने जोडला जातो आणि बाहेरून येणारी घरघर मात्र एकमेकांना मारते. डिजिटल मीटरवरही मिलिव्होल्टला प्लस-मायनस झर्रकन दिसून जातं पण सुईची मजा वेगळी आणि खात्रीही जास्त.

उपाय एवढाच की एका पिकअपच्या दोन वायरी उलट करायच्या. पण कुठल्या? ब्रिजच्या जे खाली पितळेची पातळ पट्टी होती आणि ती त्याच्या काळ्या वायरीला जोडलेली. त्याच्या वायरी फिरवल्या असत्या तर ती पट्टी सिग्नलला लागली असती आणि वेगळीच चरचर मागे लागली असती. पी ला असलं काही नव्हतं, दोन सुट्या कापडी आवरणाच्या वायरी, म्हणून पी च्या फिरवल्या. दोन्ही उघडले, खर्ज जागेवर. संध्याकाळचे सात वाजलेले, ताईने दोनदा फोन केलेला, भाचा जेवायला पळाला आणि मी पण समजलो झालं काम.

काम झालेलं नव्हतं. बुधवारी रिहर्सलवरून फोन, घरघर तशीच आहे. मग मात्र मी त्याला म्हटलं आता काही विकत घ्यायचं नाही, आधी तिथेच उभा राहून मी सांगतो तसं कर. जे बंद, पी पूर्ण: शांत. पी बंद, जे पूर्ण: घरघर. दोन्ही पूर्ण: कमी पण आहेच. आता जे उघडा ठेव आणि बेस गळ्यात घेऊन जागेवर हळूहळू गोल फिर. घरघर कमी-जास्त होतेय का? "हो मामा, खिडकीकडे तोंड केलं की जवळपास बंद होते!" आता तारांना हात लावून बघ. "वरची बारीक चरचर कमी होते, खालची घरघर तेवढीच." या पाच मिनिटांच्या फोनमध्ये सगळं निदान झालं, आणि हे पार्सल मागवायच्या आधी करता आलं असतं.

बेसमध्ये त्रास दोन प्रकारचा असतो आणि आपण दोन्हीला एकच नाव देतो म्हणून गोंधळ होतो. मी सोयीसाठी एकाला घरघर आणि दुसऱ्याला चरचर म्हणतो. घरघर म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, अडॅप्टरच्या, विजेच्या तारांच्या भोवतालचं चुंबकीय क्षेत्र कॉइलमध्ये शिरतं ते, ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी. ते दिशेवर अवलंबून असतं म्हणून गोल फिरल्यावर बदलतं. चरचर ही स्टेजवरच्या लाइटच्या डिमरमधून, ट्यूबलाइटच्या चोकमधून येते, वायरी आणि कॉइल अँटेनासारखं काम करतात. तारांना हात लावला की ती कमी होते कारण तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात आणि आपलं अंग त्यांच्यामार्फत अर्थला जातं. तांब्याच्या पत्र्याने पोकळी मढवली की चरचर जाते. घरघर जात नाही. तांबं ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला अडवतच नाही, ते आरपार जातं. घरघरीला एकच औषध, उलट वेढ्यांची दुसरी कॉइल.

आणि हे औषध जुनंच आहे. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ ला आला तेव्हा त्यात साधी एक कॉइल होती, १९५७ मध्ये त्यांनी पिकअपचे दोन तुकडे केले, तेव्हापासून पी बेस शांत आहे. १९६० च्या जॅझ बेसला दोन सिंगल कॉइल, एक दुसऱ्याच्या उलट, त्यामुळे दोन्ही पूर्ण उघडे ठेवले की घरघर जाते आणि एकाचा व्हॉल्यूम जरा खाली आणला की परत येते. पण पीजे मध्ये पी स्वतःपुरता शांत असतो, तो जे ची घरघर मारायला मोकळा नाही. म्हणजे भाच्याने कितीही भारी पी आणला असता तरी घरघर गेली नसती, ती ब्रिजच्या पिकअपची होती आणि त्याला आम्ही हातही लावलेला नव्हता.

तरी चरचर तर होतीच, म्हणून दुसऱ्या रविवारी ती घ्यायचं ठरलं. शनिवारी तापकीर गल्लीत जाऊन तांब्याची चिकटपट्टी आणली. स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल वापरू नका, त्याला सोल्डर धरत नाही. पिकअपच्या खाचा, पॉटची पोकळी, पिकगार्डची आतली बाजू, सगळीकडे पट्ट्या दाबून बसवल्या. पट्टीवर पट्टी चढते तिथे मधल्या गोंदामुळे जोड लागेलच असं नाही, म्हणून प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एक ठिपका, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मीटरची शिटी वाजते का ते बघायचं. कडा ब्लेडसारख्या असतात, भाच्याचा अंगठा कापला, हातमोजे घालायला पाहिजे होते. शेवटी पट्टीपासून पॉटच्या पाठीला एक वायर.

सगळं बंद केलं, केबल लावली, आणि काहीच नाही. ठार शांत. केबल काढून जॅकवर मीटर लावला तर सगळं बरोबर दाखवतंय. परत केबल लावली, परत मेला. अर्धा तास गेला यात. मग पिकगार्ड उचलून, टॉर्च धरून, मी आत बघत बसलो आणि त्याला सांगितलं केबलची पिन हळूहळू आत सरकव. पिन आत आली तशी जॅकची ती वाकडी पट्टी, जी पिनच्या टोकाला धरते, ती दोन मिलिमीटर बाहेर ढकलली गेली आणि सरळ तांब्याच्या भिंतीला जाऊन टेकली. सिग्नल जमिनीत. पिन नसताना पट्टी आत असते म्हणून मीटरला पत्ताच नाही. तेवढ्या भिंतीवर दोन थर इन्सुलेशन टेप मारली आणि बेस बोलायला लागला. शिल्डिंग केल्यावर बेस मेला तर आधी हे बघा.

चरचर गेली. अगदी स्वच्छ फरक, माझ्या टेबलावरच्या ट्यूबलाइटखाली धरून सुद्धा. आणि मागे राहिलेली घरघर आता उलट जास्तच उघडी पडली, एकटी, गोल, जीच्या शेजारी बसलेली.

याच दरम्यान त्याच्या ग्रुपमधल्या कोणीतरी त्याला सांगितलं की अँपच्या प्लगची मोठी पिन काढून टाक, घरघर जाईल. हे ऐकल्यावर मी त्याला जितका रागावलो तितका आयुष्यात कधी रागावलो नसेन. ती अर्थिंगची पिन आहे. बेसच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून, अँपच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात, म्हणजे अँपमध्ये काही बिघडून विजेची फेजची तार सांगाड्याला लागली आणि अर्थ नसेल तर २३० व्होल्ट थेट तुमच्या दोन्ही हातांत, आणि तोंडासमोर माइक, जो दुसऱ्या अर्थला जोडलेला. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. स्टेजवर अर्थच्या लूपमुळेच आवाज येत असेल तर डीआय बॉक्सवर (बेस आणि साऊंडवाल्याच्या मिक्सरमधली डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते फक्त ऑडिओ केबलचा अर्थ तोडतं, विजेचा नाही, ते खुशाल वापरा. प्लगला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

मग ब्रिजच्या पिकअपचा शोध सुरू झाला. भाच्याचं म्हणणं होतं की अॅक्टिव्ह घेऊ या, ९ व्होल्टची बॅटरी टाकून. मी नको म्हटलं, वाईट असतात म्हणून नव्हे तर एक अॅक्टिव्ह आणि एक पॅसिव्ह पिकअप साध्या पॉटवर नीट जमत नाहीत, अॅक्टिव्हला साधारण २५ के चे पॉट लागतात, जॅक स्टिरिओ लागतो म्हणजे केबल काढली की बॅटरी बंद व्हावी, एवढं सगळं बदलायचं आणि कार्यक्रमाच्या मध्यात बॅटरी संपायची धास्ती. आपल्याला पाहिजे होता जे च्याच साच्यातला पण आत दोन कॉइल असलेला पिकअप. यात दोन जाती मिळतात, एकात कॉइल एकावर एक रचलेल्या असतात, दुसऱ्यात शेजारी-शेजारी, दोन तारांना एक आणि उरलेल्या दोन तारांना दुसरी, म्हणजे पी चीच कल्पना एका डबीत. आम्ही शेजारी-शेजारीवाला घेतला. लोक म्हणतात सिंगल कॉइलची ती वरची झळाळी थोडी जाते. एकट्याने घरात हेडफोनवर ऐकलं तर जाते, खरं आहे. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्ड चालू असताना कोणाच्या बापाला कळणार नाही.

मापाची एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. जे पिकअप दोन लांबीत येतात, मानेकडचा साधारण ९२ मिलिमीटर आणि ब्रिजचा साधारण ९५. पीजे बेसमध्ये ब्रिजला लांबच असेल असं धरून चालू नका, काही बेसमध्ये तिथेही आखूड असतो. आम्ही जुना काढून व्हर्नियरने मोजला, आखूड निघाला, आणि तसाच मागवला. सहा हजारांच्या आसपास बसला.

यावेळी सगळं उलट्या क्रमाने केलं, म्हणजे खरं तर सुलट्या. पार्सल फोडलं की आधी सुईवाला मीटर, स्क्रूड्रायव्हर, उडी कुठल्या बाजूला ते बघितलं, पी शी जुळली, मगच आयर्न गरम केलं. नव्या पिकअपला चार वायरी आणि एक उघडी शिल्डची होती, त्यातल्या मधल्या दोन एकमेकींना जोडून टेप मारायची असते, कुठल्या दोन ते कंपनीच्या कागदावरच बघायचं, रंगांचाही सगळीकडे एकच नियम नाही. तांब्याच्या पट्टीने खाच किंचित अरुंद झाली होती, एक कड पॉलिशपेपरने घासावी लागली. बाकी सरळ बसला.

अँप लावला, जे एकटा पूर्ण उघडला, काहीच आलं नाही तेव्हा जॅकच्या आठवणीने माझ्या पोटात गोळा आला. मग भाच्याने तार छेडली आणि आवाज आला. बंद नव्हता, शांत होता. त्याने जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट ठेवून जी लावला आणि तसाच धरून ठेवला, हेलकावा नाही, सूर सरळ रेषेत कमी कमी होत गेला. आम्ही दोघंही तो संपेपर्यंत काही बोललो नाही.

उंची लावायला मात्र दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ गेली, आणि मला वाटतं आवाजात दम नसल्याची त्याची जी मूळ तक्रार होती ती इथे सुटली. त्याने पी चे स्क्रू जेवढे वर येतील तेवढे आणले होते, जवळ म्हणजे जोरात असं समजून. चुंबक तारेला ओढतो, जाड तारेवर बाराव्या फ्रेटच्या वर एकाच सुरात दोन आवाज ऐकू येत होते, जरा घोगरे, थरथरणारे. शेवटच्या फ्रेटला तार दाबून पोलपर्यंतचं अंतर मोजलं आणि पी जाड बाजूला ३ मिलिमीटर, बारीक बाजूला अडीच केला. ब्रिजपाशी तार कमी हलते म्हणून जे अर्धा मिलिमीटर जवळ. हे आकडे म्हणजे सुरुवात, पुढे कानाने.

तारा आम्ही शेवटपर्यंत मुद्दाम बदलल्या नव्हत्या, वर्षभर जुन्या होत्या, पण दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही. शेवटी नव्या चढवल्या आणि प्रामाणिकपणे सांगतो, आवाजाच्या उजळपणात जेवढा फरक तारांनी पडला तेवढा नव्या पी ने पडला नव्हता. मला राहवेना म्हणून पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळसाठी जुना पी परत बसवला, त्याच तारा, तीच उंची, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून दोघांचा आवाज एका पातळीला आणला, कारण जे मोठं ऐकू येतं ते कानाला चांगलंच वाटतं. भाच्याने पाठ करून ऐकलं. दहा वेळा वाजवलं, त्याने सहा वेळा बरोबर ओळखलं. नवा पी मध्यात जरा पुढे आहे, जोरकस आहे, पण जुना टाकाऊ अजिबात नव्हता. आधी जे बदलला असता, उंची लावली असती आणि तारा चढवल्या असत्या तर आठ हजार वाचले असते. हे त्याला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "तरी नवाच ठेवू, मामा." ठेवला.

गणपतीत चार कार्यक्रम झाले, त्यात एक त्याच नाट्यगृहात. मी मागे उभा होतो. पांढरी पाचचं गाणं आलं, लाइट डिमरवर खाली गेले, पूर्वी नेमकी इथेच चरचर सुरू व्हायची, आणि मी नकळत श्वास धरला होता. बेस खाली शांत चालू राहिला. साऊंडवाल्या काकांनी मध्ये एकदा त्याचा फेडर थोडा वर केला, नंतर मी त्यांना विचारलं तर म्हणाले आधी वर करायची सोयच नव्हती ना, वर केला की घरघर वर यायची, म्हणून दाबून ठेवायचो. म्हणजे दम नाही ही तक्रार सुद्धा अर्धी त्या घरघरीचीच होती.

जुने दोन्ही पिकअप मी एका डब्यात ठेवलेत, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून: १०.६ के, सुई डावीकडे, ७.४ के, सुई डावीकडे, आखूड माप, पितळी पट्टी काळ्या वायरीला. पी भाच्याचा मित्र मागतोय, त्याच्या बेसमधली एक कॉइल मेली आहे म्हणे. त्याला म्हटलंय घेऊन जा, पण आधी बेस घेऊन ये, जे बंद करून ऐकू, पी बंद करून ऐकू, मग ठरवू.